शील

माणसाला मुकं व्हायचंच असेल तर त्यानं जन्मापासून व्हावं. सारा जन्म बोटीवर गळा फाडून ओरडण्यात घालवायचा आणि पन्नाशीला टेकल्यावर एकाएकी तोंड शिवून बसायचं, याला काय म्हणावं? बोललेल्याला उत्तर देता येतं, भांडता येतं. न बोलणाऱ्याशी बाईमाणसानं करायचं तरी काय?

म्हणून त्या दिवशी मी पापलेटच्या कालवणात मुद्दाम मीठ घातलं नाही.

दस्तरखानावर हे आणि आमचा अशरफ समोरासमोर बसले होते. अशरफनं पहिला घास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"आई, मीठ घालायचं ऱ्हायलं."

"तुझ्या बापाला विचार ऱ्हायलं का घातलंय."

ह्यांनी मान वर केली नाही. घासामागून घास, जसं काही औषध घेत होते. काटे नीट कडेला लावले, ताट बोटानं पुसलं, उठून हात धुतले आणि दाराशी जाऊन बसले. गावी दाभोळला असते तर एवढ्यावर ताट भिंतीला लागलं असतं. माझा संताप झाला, आणि खरं सांगायचं तर मी घाबरलेही. मिठावाचून जेवणारा नूरुद्दीन सारंग मी तीस वर्षांत पाहिला नव्हता.

त्या वेळी आम्ही कुवेतला मिरकाब मोहल्ल्यात राहत होतो. शहराची मातीची भिंत नुकतीच पाडली होती आणि जिकडेतिकडे धूळ आणि सिमेंट. किनाऱ्याला नवं बंदर बांधायचं काम चाललं होतं. पाण्यात लांब धक्का घालायचा होता, त्याला दगड लागायचे, आणि दगड जायचे रुळावरून. किनाऱ्यापर्यंत रूळ ठीक, पण पुढे पाणी. तर कंपनीच्या बुढ्या साहेबानं काय काढलं? रूळच बोटीवर घातले. दगडाचा डबा किनाऱ्यावरून सरळ बोटीत चढवायचा, बोट धक्क्याला न्यायची आणि पलीकडे डबा उतरवायचा. ह्यांनी हे घरी येऊन सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "उद्या उंटाला पालन्यात घालून जोजवतील."

हे हसले होते. म्हणाले, "अगो, साहेबाच्या मुलखात शंभर वर्षांमागं अख्खी मालगाडी बोटीत बसवून खाडीपार न्यायचे. तवा त्यांना पूल बांधता येत नव्हता."

भानगड भरती-ओहोटीची. बोट पाण्याबरोबर वर-खाली होते, जमीन काही होत नाही. आमच्या दाभोळच्या तरीवर बैल चढवताना फळीचा उतार पाण्याबरोबर बदलतो, तसंच. म्हणून मधे एक चाकांवरचा सरकता पूल होता. पाणी चढलं की यंत्रानं तो वर ओढायचा, उतरलं की खाली सोडायचा. पुलाचे रूळ आणि बोटीचे रूळ एकाला एक भिडले पाहिजेत, बोटभरही फरक नको. ते भिडले की नाही हे पाहायचं आणि ओरडायचं, हे सारंगाचं, बोटीवरच्या मुकादमाचं म्हणजे ह्यांचं, काम. "हबेस" म्हटलं की ओढायचं, "आरिया" म्हटलं की सैल सोडायचं. आणि रूळ भिडले की "शील!"

पुस्तकात तिला शीळ म्हणतात. आमच्या बोलीत ळ कुठला, सगळा ल. हे ओरडले की इंजिनावरचा सिराज इंजिनाची शिटी वाजवायचा. ते इंजिन म्हणजे राणी व्हिक्टोरियाच्या अमदानीतली म्हातारी, पण शिटी अशी की मिरकाबात कान टवकारावेत. ती वाजली की सगळ्यांनी रुळावरून बाजूला व्हायचं, मग इंजिनानं येऊन डब्याला मागून धरायचं, आणि त्याच्यानंतर डब्याच्या चाकाखालची पाचर काढायची. हा क्रम कधी मोडला नव्हता. पाचरेवर आमचा हर्णैचा महबूब असायचा, त्याला सारं पाठ.

महबूब तापानं पडला आणि त्याच्या जागी एक नवा माणूस दिला. बसऱ्याकडचा होता, जुमा नाव. पहिल्याच दिवशी, पहिल्याच डब्याला, इंजिन लांब असताना त्यानं पाचर काढली. दगडानं भरलेला डबा उतारावरून सुटला, बोटीवरून धडधडत गेला आणि पलीकडनं समुद्रात पडला. जाताना जुमाचा उजवा पंजा घेऊन गेला.

ह्या वेळपर्यंत ह्यांच्या तोंडात जीभ होती. त्या रात्री जुमासाठी कळवळले, त्याला शिव्याही दिल्या. "शील वाजायच्या आधी पाचर काढतो कोन? दगडाच्या डब्याशी खेल करतो?" काम बंद होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी मी त्यांना बाजारात नेलं. जन्मात कधी बाजारात न येणारा माणूस, पिशवी धरून माझ्या मागे मागे. कलिंगडवाल्याकडे मी दोन कलिंगडं वाजवून घेतली. त्यानं हमालाला हाक मारली, हमालानं पाटी डोक्यावर घेतली, आम्ही निघालो. मागे बघते तर हे तिथंच उभे. पिशवी हातातून गळालेली. तोंडाचा रंग असा, जसं कोणी नावानं हाक मारून मेल्याची बातमी सांगितली.

तेव्हापासून मुके.

बिनमिठाचं जेवण झालं त्याच दुपारी सिराजची बायको खैरुन्निसा आली. बाई मनाची चांगली, पण तिच्या पोटात बातमी म्हणजे चाळणीत पाणी.

"नूरभाभी, उद्या साहेबाची चौकशी हाय, ठावं हाय ना? जुमाला दवाखान्यातनं आननार. मेला धडधडीत खोटं बोलतोय! म्हनतो, हिंदी सारंगानंच मना सांगितलं उचल म्हनून."

"ह्यांनी? ह्यांना कुटं त्याची भाषा येते?"

"तेच तर! सगले हसले. तो म्हनतो, सारंग 'शील' बोलला. आता शील बोलला म्हंजे शिटी मार बोलला, आमच्या ह्यांना बोलला. तुज्याशी कोन बोललं रे बाबा? आता त्याला खोटारडा म्हनून बसऱ्याच्या गाडीत बसवतील. ना हात, ना काम. घरात चार खानारी तोंडं म्हनं."

मी भाजी निवडत होते. हात थांबला.

कलिंगडवाला. त्यानं हमालाला काय हाक मारली होती? "शील! शील!" मी तो शब्द रोज ऐकत होते. मासळीवाला म्हणतो, लाकूडवाला म्हणतो, पाण्याची कातडी वाहणारा गाढववाला म्हणतो. अरबीत शील म्हणजे उचल. घे, काढ तिथून. माझ्या कानाला तो शब्द बाजारातला होता, ह्यांच्या कानाला बोटीवरचा. एकाच घरात दोन शब्द नांदत होते आणि तीस वर्षांचा संसार करून त्यांची एकमेकांशी ओळख झाली नव्हती.

खैरुन्निसाला मी चहासुद्धा विचारला नाही. ती गेल्यावर दाराशी गेले. हे उंबऱ्यावर बसले होते, नजर रस्त्यावरच्या धुळीत.

मी मागे उभी राहिले आणि हळूच म्हटलं, "शील."

त्यांचे खांदे असे आखडले, जसा पाठीत गरम डाव लागला.

"म्हंजे तुमाला कलिंगडवाल्याकडंच समजलं," मी म्हटलं. "आनि तवापासून तोंड मिटून बसलाव. कायला? परत कोनी उचलील म्हनून? का साहेब विचारील म्हनून?"

 ह्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. त्या डोळ्यांत काय होतं ते मी लिहिणार नाही. ते माझं आहे.

"ऐका. मी तुमाला हे करा आनि ते करा सांगनार नाय. खोटं गिलायचं असेल तर तोंड उघडून गिला, मी संगती बसून गिलीन. पन हे असं दातात धरून ठेवू नका. घरात वास सुटलाय त्याचा."

संध्याकाळी अशरफ कचेरीतून आला तो घाबराच. कंपनीच्याच कचेरीत कारकून होता, इंग्रजी चांगलं. चौकशीत बापाचं बोलणं साहेबाला इंग्रजीत सांगायचं काम त्याच्याकडे दिलं होतं. मी त्याला शब्दाची गोष्ट सांगितली. मला वाटलं चमकेल. तो चमकला नाही. दार लावलं आणि बापासमोर उकिडवा बसला.

"मला परवाच समजलं, बावा. म्हनूनच सांगतोय. उद्या तुमी काय बोलू नका. साहेब विचारील, तुमी पाचर काढायला सांगितली का? मान हलवायची, नाय म्हनून. आनि ते खोटं नाय. तुमी सांगितलीच नव्हती."

"आनि जुमा?" मी विचारलं.

"जुमाला मी बोटीवर बोलावला काय? आई, साहेबाला कोनाची तरी चूक पायजे. कागदावर एकच नाव लागतं. जुमाचं लागलं तर जुमा जाईल. बावांचं लागलं तर बावा जातील, आनि त्यांच्या मागनं आपन सगले. माझ्या बहिनीचं, नूरीचं लगीन ठरलंय. दाभोलला घराचं नुसतं जोतं बांधून झालंय. बावांनी सगला जन्म पान्यावर काढला. शेवटाला नावाला डाग घेऊन परत जायचं? मी नाय जाऊ देनार."

पोरगं खोटारडं नव्हतं. बापासाठी भ्यायलं होतं. मला त्याला एकाच वेळी जवळ घ्यावंसंही वाटलं आणि थोबाडावंसंही वाटलं. ह्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, नुसता ठेवला, आणि उठून नमाजाला गेले.

दुसऱ्या दिवशी मी बुरखा चढवला आणि अशरफनं आणलेल्या कंपनीच्या मोटारीत मागे जाऊन बसले.

"आई, तिथं बाईमानसाचं काम नाय."

"म्हनूनच येतंय. कामाची मानसं तिथं खूप हायत, काय उजेड पडला?"

ह्यांनी पुढचं दार उघडलं आणि बसले. मोटार किनाऱ्याला लागली.

ऊन असं होतं की रूळ पाण्यासारखे हलत होते. समुद्र उतरत होता आणि बोट खाली खाली जात होती. सरकता पूल रिकामा होता. वर किनाऱ्यावर ते म्हातारं इंजिन उंच नळकांडं घेऊन वाफ सोडत उभं होतं, त्यावर सिराज. कडेला हमालांची टोळी लॉरीतून रुळाखालचे लाकडी ओंडके उतरवत होती. साहेब आला तसं त्यांनी ओंडके पायाशी टाकले आणि उभे राहिले. सावली एवढीशी, तिच्यात साहेबाचं टेबल. समोर एका पेटीवर जुमा. वयानं आमच्या अशरफएवढाच असेल. मनगटापासून पुढे सगळं पांढऱ्या पट्टीत, आणि दुसऱ्या हातानं तो हात असा धरलेला, जसं दुसऱ्याचं तान्हं मूल सांभाळायला दिलंय.

मी लॉरीच्या सावलीला उभी राहिले. कोणी मला हटकलं नाही. माझ्याकडे बघून हटकायला छाती लागते.

साहेबानं विचारलं. अशरफनं आमच्या बोलीत विचारलं, "बावा, तुमी पाचर काढायला सांगितली होती का?" आणि डोळ्यांनी विनवलं.

ह्यांनी मान हलवली नाही. घसा खाकरला. इतक्या दिवसांच्या गंजानं आवाज खरखरीत निघाला.

"मी शिटी मागितली. शील बोललो. जुमाच्या भाषेत शील म्हंजे उचल. त्यानं जे ऐकलं ते केलं. तो खोटं नाय बोलत. नवा मानूस होता, त्याला माझा शब्द आधी समजवायला हवा होता, तो मी नाय समजवला. जुमाची चूक नाय. साहेबाला हे सगलं सांग."

अशरफ पांढरा पडला. मग साहेबाकडे वळून बोलला. मला इंग्रजी येत नाही, पण भाकरी मोजता येते. बापाचं एवढं थोरलं बोलणं, आणि पोराचं इंग्रजी दोन घासांचं. त्यात जुमाचं नाव एकदाही आलं नाही. साहेबानं मान डोलावली, कागदावर काही ओढलं आणि जुमाकडे न बघता त्याला हातानं खूण केली, जा.

जुमा उठला नाही. त्याला कळलंच नव्हतं काय झालं. तो ह्यांच्याकडे बघत होता. इतक्या दिवसांनी सारंग बोलला, ते आपल्या बाजूचं होतं की विरुद्ध, हे त्याला तोंडावरून वाचायचं होतं.

"अशरफ," मी सावलीतून बाहेर आले. "काय सांगितलंस तू?"

"आई, तू गप ऱ्हा."

"मी इचारतंय काय सांगितलंस!"

"तुमच्या भल्याचं सांगितलं!" तो ओरडला. साहेबानं चष्म्यावरून बघितलं. त्याला वाटलं असेल, हिंदी लोकांचं घरचं भांडण.

ह्यांनी पोराकडे बघितलं. रागानं नाही. बोटीवर नवा खलाशी चुकीचा दोर धरतो तेव्हा त्याच्या हातातून तो काढून घेताना बघतात, तसं. मग वळले आणि चालायला लागले.

"बावा! कुटं चाललाव?"

हे पुलाच्या तोंडाशी गेले, जिथं ते रोज उभे राहत. आधी पुलाच्या उताराकडे बघितलं, त्यावर डबा नव्हता. बोटीकडे बघितलं, तिच्यावर कोणी नव्हतं. रुळावर एक कुत्रं बसलं होतं, त्याला हाकललं. मग इंजिनाकडे तोंड केलं.  साहेब खुर्चीतून अर्धा उठला. ह्यांनी दोन्ही हात तोंडाशी धरले.

"शील!"

काय तो आवाज! दाभोळच्या खाडीत ह्या काठावरून हाक मारली तर त्या काठाची माणसं बाहेर यायची, तो आवाज. सिराजचा हात सवयीनं दोरीवर गेला आणि म्हातारी किंचाळली. आणि त्याच दमात लॉरीजवळचे सगळे हमाल वाकले. कोणी कोणाकडे बघितलं नाही, कोणी विचारलं नाही. पायाशी पडलेले ओंडके खांद्यावर चढले.

आणि जुमा. तोही उठला, वाकला, आणि ज्या पेटीवर बसला होता ती पेटी एका हातानं उचलून छातीशी धरून उभा राहिला.

शिटी थांबली. कोणी हललं नाही. हमाल ओंडके घेऊन, जुमा पेटी घेऊन, सगळे सारंगाकडे बघत. आता हे नेऊन ठेवायचं कुठं, हे ऐकायला थांबलेले.

साहेब टेबलामागून बाहेर आला. जुमाच्या समोर जाऊन उभा राहिला. पेटीकडे बघितलं, पट्टीकडे बघितलं, वर इंजिनाकडे बघितलं. डोक्यावरची टोपी काढून घाम पुसला. मग स्वतः जुमाच्या हातातली पेटी काढून घेतली आणि खाली ठेवली. परत टेबलाशी जाऊन ओढलेलं खोडलं आणि अशरफला बोलावलं. तो बराच वेळ बोलत होता. अशरफ खाली मान घालून ऐकत होता.

"आता सगलं सांग," मी म्हटलं. "एक अक्षर खाऊ नको."

त्यानं आधी जुमाला त्याच्या भाषेत सांगितलं, मोडकंतोडकं. जुमानं चांगला हात कपाळाला लावला. मग अशरफ बापाकडे वळला.

"साहेब म्हनतात, जुमाचा हात कामावर गेला असं कागदावर लागेल. कंपनी त्याला ठेवील, पहाऱ्यावर बसवील. आजपासून शिटीसाठी कोनी तोंडानं ओरडायचं नाय. बावटा दाखवायचा." तो थांबला.

"आनि?" ह्यांनी विचारलं.

"आनि सारंग दुसरा येईल. साहेब म्हनतात, तुमच्या सांगन्यावरनं डबा सुटला, मग डबा तुमच्या नावावर. मुंबईची बोट लागेल तिनं..." त्यानं बापाचा हात धरला. "बावा, मी मुद्दाम..."

"ठावं हाय मना," हे म्हणाले. "जा, साहेब वाट बघतोय. कागद लिहायचा असेल."

अशरफ गेला. हमाल ओंडके घेऊन कामाला लागले. पुलाच्या यंत्रापाशी एक बलुची पोरगा होता, त्यानं पाणी उतरलेलं बघितलं, सवयीनं ह्यांच्याकडे बघितलं, मग नजर वळवली आणि हुकमाशिवायच पूल थोडा खाली सोडला. रूळ कर्रकन वाजले. हे तिथंच उभे राहून बघत होते. भिडले की नाही ते बघत असावेत. मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. खारा वारा बुरख्यात भरत होता.

"अगो," ते म्हणाले, "बोल की काहीतरी. पोराच्या, पोरीच्या तोंडचा घास घालवला मी. बोल, मी ऐकतंय."

बोलण्यासारखं पुष्कळ होतं. नूरीच्या सासरी काय सांगायचं, घराचं जोतं पावसात किती टिकेल, खैरुन्निसा आज संध्याकाळी कोणाकोणाकडे जाईल. ते सगळं मी गिळलं. कोण काय बोलेल ते बोलेल.

"तुमी उशीर केलात," मी म्हटलं. "तो पोर इतके दिवस हात धरून खोटारडा ऐकत बसला, ते तुमच्या हिशोबाला हाय, आनि मी ते मरेपर्यंत काढनार, तयारी ठेवा. पन हितं आले ती सारंगाची बायको म्हनून, आनि बोटीत चढेन ती बी सारंगाचीच बायको म्हनून. चला आता, उन्हात उभे ऱ्हाऊ नका."